तेलंगण राष्ट्र समिती आणि मराठवाड्याचा वेगळा मार्ग

२४ एप्रिल २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगर येथील जबिंदा मैदानावर तेलंगणचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांची जाहीर सभा झाली. औरंगाबाद शहराचे नाव बदलण्यास केंद्राने मान्यता देऊन तेव्हा जेमतेम दोन महिने लोटले होते. सभा घेणाऱ्या पक्षाचे नाव बदलूनही फारसा काळ गेला नव्हता. २००१ पासून तेलंगण राष्ट्र समिती म्हणून ओळखला जाणारा हा पक्ष डिसेंबर २०२२ मध्ये भारत राष्ट्र समिती झाला होता. स्वतंत्र राज्य या एकाच मागणीसाठी जन्मलेला आणि ती मागणी पदरात पाडून घेतलेला हा पक्ष मराठवाड्यात मात्र पाणी, वीज आणि शेतकऱ्यांना थेट मदत या विषयांवर पाठिंबा मागत होता. मराठवाडा महाराष्ट्रातून वेगळा व्हावा, असे त्याच्या कार्यक्रमात कोठेही नव्हते.

यात एक ऐतिहासिक विसंगती आहे. मराठवाडा आणि तेलंगण हे दोन्ही प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद या एकाच राज्याचे भाग होते. दोघांनीही निजामाची राजवट पाहिली, दोघेही एकाच दिवशी भारतात आले, एकाच दिवशी आपापल्या भाषिक राज्यांत गेले आणि दोघांनाही जाताना लेखी आश्वासने मिळाली. ती आश्वासने पाळली गेली नाहीत, ही तक्रार दोन्हीकडे सारखीच. एका प्रदेशात त्या तक्रारीतून पक्ष उभा राहिला आणि २ जून २०१४ रोजी देशातील एकोणतिसावे राज्य अस्तित्वात आले. दुसऱ्या प्रदेशात परिषदा, समित्या आणि मंडळे झाली. हा फरक कशामुळे पडला, हे तेलंगण राष्ट्र समितीचा इतिहास मराठवाड्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिल्यास बरेच स्पष्ट होते.

एका राज्याचे तीन भाग

निजामाच्या राज्याची पहिली राजधानी औरंगाबादच होती. पहिला निजाम, निजाम-उल-मुल्क आसफजाह याची कबर शहराजवळच्या खुलताबादेत आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबाद सुभ्याचे ठिकाण तेवढे उरले. पुढच्या राजकारणाच्या दृष्टीने हे स्थलांतर किती महत्त्वाचे ठरले, ते पुढे येईलच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरची आठ वर्षे हे राज्य कायम राहिले. त्यात आठ तेलुगू जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे आणि बीदर, गुलबर्गा व रायचूर हे तीन कन्नड जिल्हे होते. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे या राज्याचे भाषावार विभाजन करावे या मताचे होते. पंडित नेहरू मात्र हैदराबादचे तुकडे करण्यास प्रारंभी अनुकूल नव्हते. अखेर विभाजन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. सीमा आखताना आदिलाबादमधील किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात आले, बीदरमधील उदगीर, निलंगा, अहमदपूर उस्मानाबादला जोडले गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळचा भाग तिकडे गेला. आजही मुधोळ-भैंसा पट्ट्यात मराठी ऐकू येते, ती याच आखणीची खूण होय.

राज्य पुनर्रचना आयोगाने (फाजल अली आयोग) १९५५ च्या आपल्या अहवालात तेलंगणाबाबत जे म्हटले, ते पुढच्या साठ वर्षांच्या वादाचे मूळ आहे. आयोगाची शिफारस तेलंगणाचे तूर्त वेगळे राज्य ठेवावे अशी होती. १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तेथील विधानसभेने दोन तृतीयांश बहुमताने ठरवल्यास त्याने आंध्रात सामील व्हावे, असे आयोगाने सुचवले. ही शिफारस बाजूला ठेवून विलीनीकरण झाले. म्हणजे वेगळ्या तेलंगणाची मागणी करणाऱ्यांच्या हाती आरंभापासूनच एका अधिकृत आयोगाचा कागद होता. याच आयोगाने विदर्भाचेही वेगळे राज्य सुचवले होते. मराठवाड्याबाबत तशी शिफारस नव्हती. त्याने मुंबई राज्यात जावे, एवढेच आयोगाचे म्हणणे होते.

दोन करार

तेलंगणाच्या विलीनीकरणापूर्वी २० फेब्रुवारी १९५६ रोजी दोन्ही बाजूंच्या नेत्यांमध्ये जो समझोता झाला, तो सभ्य गृहस्थांचा करार म्हणून ओळखला जातो. तेलंगणातील शिल्लक महसूल तेथेच खर्च व्हावा, नोकऱ्यांत स्थानिकांना (बारा वर्षांच्या वास्तव्याच्या अटीवर) संरक्षण मिळावे, प्रादेशिक मंडळ असावे, मुख्यमंत्री एका भागाचा असल्यास उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असावा, अशी त्याची कलमे होती. आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी यांनी उपमुख्यमंत्रीच नेमला नाही. करार पहिल्याच दिवशी मोडला, असे तेलंगणात म्हटले जाते ते यामुळे.

मराठी भाषिकांच्या राज्यासाठी झालेला नागपूर करार त्याआधीचा, २८ सप्टेंबर १९५३ चा. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे यांच्यासह पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातील नेत्यांच्या त्यावर सह्या होत्या. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासखर्च, सरकारी नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणात प्रमाणशीर वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि वर्षातून एक अधिवेशन ही त्यातील प्रमुख आश्वासने. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचे वचनही त्यात होते. मराठवाड्यातील नेत्यांनी मात्र विदर्भाप्रमाणे घासाघीस केली नाही. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला, हे वाक्य या भागात अभिमानाने सांगितले जाते आणि अलीकडच्या काळात तक्रारीच्या सुरातही.

घटनेच्या दृष्टीने पाहिल्यास महाराष्ट्राची आश्वासने अधिक भक्कम होती. सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे स्थापण्याची, निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद केली. तिचा वापर करण्यास तब्बल ३८ वर्षे लागली, हा भाग वेगळा.

१९६९ : पहिला पक्ष, पहिला धडा

तेलंगणात नोकऱ्यांच्या प्रश्नावरून असंतोष विलीनीकरणापूर्वीच पेटला होता. निजामाच्या काळापासून स्थानिक रहिवाशाला, म्हणजे मुलकी माणसाला, सरकारी नोकरीत अग्रक्रम देणारे नियम होते. बाहेरून आलेल्यांनी खोटे दाखले काढून जागा बळकावल्या, या आरोपावरून १९५२ मध्ये हैदराबादेत विद्यार्थ्यांचे आंदोलन आणि पोलिस गोळीबार झाला. १९६९ मध्ये या असंतोषाने स्वतंत्र राज्याच्या मागणीचे रूप घेतले. उस्मानिया विद्यापीठातून सुरू झालेले आंदोलन गावोगाव पसरले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेकडो बळी गेले. ३६९ हा आकडा तेलंगणात सर्वतोमुखी आहे. या आंदोलनातून तेलंगण प्रजा समिती हा पक्ष उभा राहिला आणि मर्री चेन्ना रेड्डी यांनी त्याचे नेतृत्व केले.

१९७१ ची लोकसभा निवडणूक इंदिरा गांधींच्या लाटेची होती. त्या लाटेतही प्रजा समितीने तेलंगणातील १४ पैकी १० जागा जिंकल्या. एवढे यश मिळाल्यावर काही महिन्यांतच चेन्ना रेड्डी यांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. पुढे ते आंध्र प्रदेशाचे दोनदा मुख्यमंत्री झाले. मतदारांना राज्य मिळाले नाही. नेत्याला मुख्यमंत्रिपद मिळाले. प्रादेशिक पक्ष विलीन झाला की मागणीही विलीन होते, हा धडा तेलंगणातील कार्यकर्त्यांच्या मनात तीस वर्षे ताजा होता. प्रजा समितीच्या या अनुभवाची सावली पुढील पक्षावर कायम राहिली.

दरम्यान तडजोडी होत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मुलकी नियम वैध ठरवताच किनारी आंध्रात 'जय आंध्र' आंदोलन पेटले. १९७३ चे सहा कलमी सूत्र, त्यावरून आलेले कलम ३७१-ड, विभागवार नोकरभरतीचा १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश आणि त्याच्या उल्लंघनाची दुरुस्ती करण्यासाठी एन. टी. रामाराव सरकारने १९८५ मध्ये काढलेला ६१० क्रमांकाचा शासन निर्णय अशी ही कागदांची मालिका आहे. प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदाची अंमलबजावणी झाली नसल्याची कबुलीच होता.

समितीचा जन्म आणि चढउतार

कल्वकुंटला चंद्रशेखर राव हे मूळचे तेलुगू देसमचे. सिद्दिपेटचे आमदार आणि आंध्र विधानसभेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी पद, आमदारकी आणि पक्ष सोडून २७ एप्रिल २००१ रोजी हैदराबादेत तेलंगण राष्ट्र समितीची स्थापना केली. १९६९ च्या आंदोलनात मंत्रिपदाचा राजीनामा देणारे ज्येष्ठ नेते कोंडा लक्ष्मण बापूजी यांच्या 'जलदृश्यम' या निवासस्थानी ही स्थापना झाली, हे जुन्या आंदोलनाशी नाते सांगण्यासाठीच. मंत्रिपद न मिळाल्याने ते नाराज होते, असे विरोधक म्हणत आणि ते सर्वस्वी खोटे नसावे. परंतु केवळ वैयक्तिक नाराजीतून चौदा वर्षांची चळवळ उभी राहत नाही. वीजदरवाढीविरुद्ध २००० मध्ये मोठा असंतोष होता, विंधन विहिरींवर जगणाऱ्या तेलंगणातील शेतकऱ्याला तो दर अधिक बोचत होता. शिवाय नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तरांचल आणि झारखंड ही तीन राज्ये एकापाठोपाठ निर्माण झाली होती. नवे राज्य मागणे हे आता अशक्य कोटीतील काम राहिले नव्हते.

पक्षाला विचारांची बैठक दिली ती प्रा. के. जयशंकर यांनी. १९५२ पासून प्रत्येक आंदोलन पाहिलेल्या या अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पाणी, निधी आणि नोकऱ्या या तीन शब्दांत प्रश्न मांडला. गोदावरी आणि कृष्णा या नद्या तेलंगणातून वाहतात आणि पाणी किनारी जिल्ह्यांच्या कालव्यांत जाते, हे म्हणणे निरक्षर शेतकऱ्यालाही आकडेवारीशिवाय पटत असे.

निवडणुकांत पक्षाची वाटचाल सरळ नव्हती. २००४ मध्ये काँग्रेसशी युती करून त्याने विधानसभेच्या २६ आणि लोकसभेच्या ५ जागा जिंकल्या, केंद्रात मंत्रिपद घेतले आणि मागणीवर निर्णय होत नाही असे म्हणत २००६ मध्ये ते सोडले. राव यांनी करीमनगरची पोटनिवडणूक दोन लाखांवर मताधिक्याने जिंकली. राजीनामा द्यायचा, पोटनिवडणूक लढवायची आणि तिलाच सार्वमत म्हणायचे, हे तंत्र पुढे पक्षाची ओळख बनले. ते नेहमीच यशस्वी झाले नाही. २००८ मध्ये १६ आमदारांच्या राजीनाम्यांनंतर झालेल्या पोटनिवडणुकांत केवळ ७ जागा परत मिळाल्या. २००९ मध्ये तेलुगू देसमच्या साथीने लढूनही विधानसभेत १० आणि लोकसभेत २ एवढेच बळ उरले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात पक्ष संपला, असेच बहुतेक निरीक्षकांचे मत होते.

२ सप्टेंबर २००९ रोजी मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. विभाजनाला ठाम विरोध करणारा सर्वांत प्रबळ नेता गेला आणि राज्यातील काँग्रेस दिशाहीन झाली. २९ नोव्हेंबरला राव यांनी बेमुदत उपोषण सुरू केले. त्यांना अटक करून रुग्णालयात हलवण्यात आले. उस्मानिया विद्यापीठ पुन्हा पेटले. ९ डिसेंबरच्या रात्री केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी तेलंगण राज्याच्या निर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली. दोन आठवड्यांत, २३ डिसेंबरला, केंद्राने पाऊल मागे घेतले. न्या. श्रीकृष्ण समिती नेमली गेली, तिने सहा पर्याय सुचवले आणि एकत्र राज्य ठेवून घटनात्मक संरक्षण देण्याला पसंती दिली.

मात्र एकदा दिलेले राज्य परत घेतले, ही भावना तेलंगणात इतकी खोल गेली की त्यानंतरचे आंदोलन एका पक्षाचे राहिले नाही. प्रा. कोदंडराम यांच्या निमंत्रकपदाखाली संयुक्त कृती समिती स्थापन झाली. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारी कर्मचारी, शिक्षक, कोळसा खाणींतील कामगार आणि परिवहन कर्मचाऱ्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. अनेक तरुणांनी आत्महत्या केल्या आणि त्यांची नावे गावांच्या चौकांत लागली. राज्य मिळवण्याचे श्रेय पुढे एकाच नेत्याच्या नावावर जमा झाले, हे या व्यापक चळवळीवर काहीसे अन्यायकारक आहे.

घटनेच्या कलम ३ नुसार नवे राज्य करण्यासाठी संसदेत साधे बहुमत पुरते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, परंतु ते बंधनकारक नसते. आंध्र विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विभाजनाचे विधेयक आवाजी मतदानाने फेटाळले. तरीही फेब्रुवारीत लोकसभेने आणि राज्यसभेने ते मंजूर केले. पक्ष काँग्रेसमध्ये विलीन होईल, अशी काँग्रेसची अपेक्षा होती. १९७१ चा इतिहास राव यांना ठाऊक होता. विलीनीकरण झाले नाही. समितीने स्वबळावर ११९ पैकी ६३ जागा जिंकून सत्ता घेतली आणि राज्य देणारी काँग्रेस विरोधी बाकांवर बसली.

मराठवाड्यात असा पक्ष का झाला नाही

याचे नेहमी दिले जाणारे उत्तर भाषा हे आहे. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम निजामाविरुद्ध होता तसाच तो मराठीच्या अवहेलनेविरुद्धही होता. शिक्षण आणि कारभार उर्दूत, दाद मागायची तर हैदराबादेत, अशा स्थितीतून सुटलेल्या पिढीला महाराष्ट्र हे माहेर वाटणे स्वाभाविक होते. स्वामी रामानंद तीर्थ १९५७ मध्ये औरंगाबादचे खासदार झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र हाच प्रश्न ऐरणीवर होता. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. तेलंगण आणि आंध्र यांचीही भाषा एकच होती. विदर्भातही मराठीच बोलली जाते. तरी १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे जांबुवंतराव धोटे यांनी ती मागणी रस्त्यावर नेली.

अधिक वजनाचे कारण राजधानीचे आहे. तेलंगणाकडे हैदराबाद होते. विदर्भाकडे नागपूर होते, जे मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी राहिलेले शहर. मराठवाड्यातून राजधानी अठराव्या शतकातच निघून गेली होती. औरंगाबादेत उद्योग आले, १९५८ मध्ये विद्यापीठ आले, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. हे सारे औरंगाबादेतच का, असा प्रश्न लातूर आणि नांदेडमधून लगेच उठला. लातूर की नांदेड या विभागीय आयुक्तालयाच्या वादात ही चुरस उघड दिसली. ज्या प्रदेशाच्या तीन शहरांत एका आयुक्तालयावर एकमत होत नाही, तेथे राजधानीवर ते होणे कठीणच.

दुसरे कारण गाऱ्हाण्याच्या स्वरूपात आहे. तेलंगणात किनारी आंध्रातील माणूस हैदराबादेत येऊन जमीन घेत होता, चित्रपटगृहे चालवत होता, सचिवालयात खुर्चीवर बसत होता. परका डोळ्यांसमोर होता. मराठवाड्यात उलट घडले. बीड, जालन्याचा ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर गेला, पदवीधर पुण्या-मुंबईला गेला. अन्याय करणारा दारात नव्हता. उलट रोजगार देणारा त्याच दिशेला होता. ज्या प्रदेशाची मुले पुण्यात शिकतात आणि तेथेच घर घेतात, त्या प्रदेशात पुण्यापासून फारकत घेण्याचा पक्ष चालत नाही.

तिसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या विधानसभेत २९४ पैकी ११९ जागा, म्हणजे सुमारे ४० टक्के, तेलंगणाच्या होत्या. लोकसभेच्या ४२ पैकी १७. तेलंगण गमावून कोणालाही हैदराबादेत सत्ता मिळवणे अवघड होते. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत मराठवाड्याचे ४६, म्हणजे १६ टक्के, विदर्भाचे ६२. एवढ्या बळावर सरकार अडवता येत नाही, सरकारात शिरता मात्र येते. मराठवाड्यातील नेत्यांनी तेच केले. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या भागाने दिले. मुख्यमंत्रिपदामुळेच मागणी शमली, असे मात्र म्हणता येणार नाही, पी. व्ही. नरसिंह राव, चेन्ना रेड्डी, अंजय्या हे तेलंगणातीलच मुख्यमंत्री होते आणि तेथे मागणी शमली नाही.

प्रादेशिक ऐक्याला छेद देणारे प्रश्नही मराठवाड्यात अधिक तीव्र होते. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. १९८८ च्या महापालिका निवडणुकीपासून औरंगाबाद शहराचे राजकारण शिवसेना, शहराचे नाव आणि धार्मिक ध्रुवीकरण यांभोवती फिरू लागले. हैदराबादचाच असलेला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन हा पक्ष २०१२ मध्ये नांदेडच्या महापालिकेत आला आणि २०१९ मध्ये त्याने औरंगाबादची लोकसभा जागाही जिंकली. (हा पक्ष संयुक्त आंध्रच्या बाजूचा होता, हे येथे नोंदवायला हवे.) प्रदेश म्हणून मतदान करण्याची सवय मराठवाड्याला लागलीच नाही.

परिषदेचा मार्ग

पक्षाची जागा येथे मराठवाडा जनता विकास परिषदेने घेतली. तिचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी विकासाच्या अनुशेषाचा प्रश्न पक्षविरहित पातळीवर, आकडे आणि निवेदने यांच्या बळावर लढवला. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने झाले, तेव्हाही मागण्या नोकऱ्या, रुंदमापी रेल्वे आणि उद्योग यांच्या होत्या; राज्याची नव्हती. राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात महाराष्ट्राचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये मोजला, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५० कोटींचा होता. त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांचा ठराव केला. मंडळे १ मे १९९४ रोजी आली.

या मार्गाने काहीच मिळाले नाही, असे म्हणणे योग्य नाही. अनुशेष हा शब्द आणि त्याचे मोजमाप ही त्याचीच देणगी. जायकवाडीच्या पाण्याबाबत समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या कायद्यात आले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरल्याने नाशिक-नगरच्या धरणांतून नाथसागरात पाणी सोडणे भाग पडू लागले. परंतु परिषदेकडे मते नव्हती. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा त्यावरून एकही आमदार घरी बसला नाही. पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेण्यास सप्टेंबर २०२२ उजाडले. औरंगाबादेत ऑक्टोबर २०१६ मध्ये झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे ४९ हजार कोटींच्या, तर सप्टेंबर २०२३ मधील बैठकीत सुमारे ५९ हजार कोटींच्या कामांच्या घोषणा झाल्या. तेलंगणात सरकारला पोटनिवडणुकीची धास्ती असे. येथे तसा धाक कोणाचाच नव्हता.

वेगळ्या मराठवाड्याचा उच्चार मोठ्या पदावरील व्यक्तीने केला तो मार्च २०१६ मध्ये. राज्याचे महाधिवक्ता आणि बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे यांनी जालना येथे ती भूमिका मांडली. विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. लक्षणीय बाब ही, की त्यांच्या बाजूने मराठवाड्यात मोठा मोर्चा निघाला नाही.

सीमेपलीकडचे आकर्षण

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात मात्र वेगळी हाक ऐकू आली. तेलंगण सरकारने १ जानेवारी २०१८ पासून शेतीला २४ तास मोफत वीज दिली आणि त्याच वर्षी रयतु बंधू योजनेत प्रत्येक हंगामाला एकरी चार हजार रुपये शेतकऱ्यांच्या हाती ठेवण्यास सुरुवात केली. पुढे ही रक्कम पाच हजार झाली. सीमेवरील गावांच्या सरपंचांनी आपली गावे तेलंगणात घालावीत, अशी मागणी केली. ज्या धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधाऱ्यावरून आंध्राशी वर्षानुवर्षे वाद झाला, २०१० मध्ये चंद्राबाबू नायडूंना अटक झाली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरवाजे केव्हा उघडायचे हे ठरवून दिले, त्याच तालुक्यात ही मागणी व्हावी, हे बोलके आहे. रयतु बंधूचा पैसा जमीनमालकाला मिळत असे, बटईने कसणाऱ्याला नाही, ही टीका सीमेच्या अलीकडे फारशी पोहोचली नाही.

नामांतरित पक्षाने महाराष्ट्रात प्रवेश केला तो याच आकर्षणाच्या आधारे. ५ फेब्रुवारी २०२३ ची नांदेडची सभा, मार्चमधील लोह्याची, एप्रिलमधील छत्रपती संभाजीनगरची आणि जूनमध्ये शेकडो गाड्यांच्या ताफ्यासह पंढरपूर व तुळजापूरचा दौरा असा हा क्रम होता. 'अब की बार किसान सरकार' ही घोषणा होती. शंकरअण्णा धोंडगे, हर्षवर्धन जाधव असे माजी आमदार पक्षात आले. आलेल्यांपैकी बहुतेक जण आपापल्या पक्षांत जागा उरली नसलेले होते, हे त्या वेळीही लपून राहिले नव्हते.

नावातून 'तेलंगण' काढल्याची किंमत पक्षाला घरीच मोजावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोदावरीवरील कालेश्वरम प्रकल्पाच्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले. ज्या पाण्यासाठी राज्य मागितले, त्याच पाण्याच्या प्रकल्पावर संशय आला. त्या वर्षअखेरच्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने ६४ जागा मिळवल्या, समिती ३९ वर थांबली आणि राव स्वतः कामारेड्डीतून पराभूत झाले. गजवेलची जागा तेवढी राखली. २०२४ च्या लोकसभेत पक्षाला तेलंगणातील १७ पैकी एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रातील शाखेचे पदाधिकारी ऑक्टोबर २०२४ मध्ये शरद पवार यांच्या पक्षात गेले.

मराठवाड्यातून हैदराबादकडे जाणारी एक वाट मात्र त्यानंतरही रहदारीची राहिली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती २०२३ मध्ये निजामकालीन दप्तरे तपासण्यास तेथे गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय काढला. मराठवाड्यातील बहुतेक रेल्वेमार्गांचा कारभारही नांदेड विभागामार्फत दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद मुख्यालयातून चालत आला असून, हा विभाग मध्य रेल्वेला जोडावा ही मागणी परिषदेच्या निवेदनांत वर्षानुवर्षे येत राहिली आहे.